बघू म्हणणारा माणूस

“बघूकाका, तुमच्या चिठ्ठीवर काय लिहू?” जोडीदार मेकॅनिकने वरून विचारलं, तेव्हा काका लिफ्टच्या खड्ड्यात उतरून साचलेली घाण काढत होते.

“कसली चिठ्ठी?”

“नव्या साहेबांचं फर्मान आहे. नवीन वर्षात प्रत्येकाने एक चांगली सवय लावून घ्यायची आणि ती लिहून ऑफिसच्या फळ्यावर लावायची. मी ‘रोज चालणार’ लिहिलंय. तुमचं सांगा.”

“बघू,” खड्ड्यातून आवाज आला.

जोडीदार खो खो हसला. दुसऱ्या दिवशी त्याने परस्पर चिठ्ठी लावून टाकली होती : ‘बघू म्हणणार नाही.’ खाली काकांचं नाव. ऑफिसात जो तो वाचून पोट धरून हसत होता.

लिफ्ट दुरुस्त करण्यात काकांची अठ्ठावीस वर्षं गेली होती. मोटरचा नुसता आवाज ऐकून कुठलं बेअरिंग गेलंय ते सांगत. लिफ्टचं काम त्यांनी कधी उद्यावर टाकलं नाही. पण बाकीच्या सगळ्या जगाला त्यांचं एकच उत्तर असे. ‘नाही’ म्हणायला जीभ रेटायची नाही आणि ‘हो’ म्हटलं की माणूस अडकतो. म्हणून बघू.

चिठ्ठी त्यांनी फाडली नाही. ते दोन-तीनदा फळ्यासमोर जाऊन उभे राहिले आणि मनाशी म्हणाले, ठीक आहे. हो तरी म्हणायचं, नाही तरी. आणि हो म्हटलं तर त्याच दिवशी करायचं.

एक तारखेला त्यांनी स्वयंपाकघरातला गळका नळ बदलला. त्या नळाखाली बादली ठेवण्याची घराला इतकी सवय झाली होती, की बायकोने सवयीने पुन्हा बादली सरकवली. दोन तारखेला कपाटाचं दार नीट बसवलं. तीन तारखेला चष्म्याचा नंबर काढून आणला. चौथ्या दिवशी बायकोने त्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला.

“अहो, बरं वाटतंय ना तुम्हाला? काही लपवत तर नाही ना माझ्यापासून?”

“ठणठणीत आहे.”

“मग हे काय चाललंय? धडकी भरते मला.”

त्याच आठवड्यात साहेबांनी सलग तिसऱ्या रविवारी कामावर बोलावलं. काकांच्या ओठांपर्यंत तो शब्द आला होता. तो गिळून ते म्हणाले, “नाही साहेब. या रविवारी नाही जमणार.” साहेबांनी मान वर केली, “बरं, दुसऱ्या कुणाला सांगतो,” म्हणाले आणि पुन्हा कागदात डोकं घातलं. एवढंच. अठ्ठावीस वर्षं ज्याला घाबरलो ते एवढंसंच होतं, हे कळून काकांना स्वतःचंच हसू आलं.

रविवारी सकाळी चहा पिताना बायको म्हणाली, “नळ झाला, कपाट झालं, चष्मा झाला. आता एकच राहिलंय.”

ती कशाबद्दल बोलतेय ते काकांना कळलं होतं.

त्यांच्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याचं ऑपरेशन होतं, त्याला अकरा वर्षं झाली. ताईने आदल्या दिवशी फोन केला होता. “येशील ना रे? मी एकटीच आहे.” काका म्हणाले होते, “बघू.” दुसऱ्या दिवशी एका इमारतीत नेहमीची तपासणी होती, कुणालाही सोपवता आली असती. काकांनी सोपवली नाही. ताई ऑपरेशनच्या खोलीबाहेर पाच तास एकटी बसली आणि शेवटी डॉक्टरांनी बाहेर येऊन जे सांगितलं, तेही तिने एकटीनेच ऐकलं. संध्याकाळी काका पोचले, तेव्हा ती एवढंच म्हणाली, “आता काय बघायला आलास?” त्यानंतर बोलणं नव्हतं. दरवर्षी काका मनात म्हणत, जाऊ एकदा.

त्यांनी कप खाली ठेवला, शर्ट बदलला आणि निघाले.

ताईच्या दारासमोर ते बराच वेळ उभे राहिले. वाटेत जुळवलेली सगळी वाक्यं पार विसरली होती. घंटा वाजवली. दार उघडलं. ताईचे केस पांढरे झाले होते. तिने भावाकडे नखशिखान्त पाहिलं.

“पाय पूस नीट. फरशी आत्ताच पुसलीय.”

ते आत आले. बसावं की नाही ते कळेना.

“ताई, त्या दिवशी मला येता आलं असतं,” ते एका दमात म्हणाले. “काम काही अडलं नव्हतं. मीच आलो नाही. तिथे काय होईल याची भीती वाटत होती मला.”

ताईने खिडकीकडे तोंड फिरवलं. मग म्हणाली, “मला काय कमी भीती वाटत होती?”

“चुकलं माझं.”

“चुकलंच.” ती पुन्हा भावाकडे वळली. “पहिली दोन वर्षं राग होता रे. नंतर तो कधी गेला कळलंही नाही. मग आपण होऊन फोन कसा करायचा, याची नुसती लाज. शेजारणीला म्हणायचे, माझ्या भावाला कामातून सवड नसते.”

काकांनी नवा चष्मा काढून डोळे पुसले.

“चहा टाकते,” ताई म्हणाली. पण ती लगेच आत गेली नाही. खुर्चीवर दोरीवरून काढलेल्या, वाळलेल्या चादरी पडल्या होत्या. त्यातली एक मोठी चादर तिने झटकली आणि तिची दोन टोकं भावासमोर धरली.

“धर. एकटीला घडी नीट जमत नाही हिची.”

काकांनी टोकं धरली. दोघांनी चादर ताणली, मधोमध दुमडली आणि आपापली टोकं जुळवायला एकेक पाऊल पुढे आले.