कण्हेरीचा आडोसा

कंपाउंडरांनी खिडकी घाईघाईने लावून घेतली, वर कडीही घातली.

"अहो, या उजेडासाठी महिनाभर जिवाचं रान केलंत ना?" बायको म्हणाली. "आता काय झालं?"

"वारा फार येतो," ते म्हणाले. बाहेर पान हलत नव्हतं.

कुंपणापलीकडची कण्हेर कालच तोडली होती. बारा महिने हिरवी, गुलाबी फुलांनी लगडलेली. मुरमाड जमीन, पाण्याचा पत्ता नाही, तरी दोन पुरुष उंच वाढली होती. शेळ्यासुद्धा तिला तोंड लावत नसत. तिच्यापायी कंपाउंडरांना भरदुपारी पेपर वाचायला दिवा लावावा लागे, एवढंच दुखणं. पण वसाहतीच्या बैठकीत ते म्हणाले, "पान न पान विषारी आहे. उद्या एखाद्या पोरानं चावलं तर?" चाळीस वर्षं दवाखान्यात औषधं देणाऱ्या माणसावर कोण शंका घेणार? शिवाय ते खरंही होतं. आता त्या खऱ्याचीच त्यांना लाज वाटत होती.

झाडाची मालकीण, शिवणकाम करणारी ताई, तेव्हा एवढंच म्हणाली होती, "माझा आडोसा आहे हो तो." कंपाउंडरांनी ते कानाआड केलं होतं.

आज उजेडाबरोबर तिचं परसही दिसलं. चाकाच्या खुर्चीत तिचा तिशीतला मुलगा, उघडा. खुर्ची न्हाणीच्या दारातून आत जात नसणार. एका हाताने ती त्याच्या अंगावर तांब्या ओतत होती, दुसऱ्या हाताने चादर आडवी धरायला बघत होती. तेवढ्यात तिने वर पाहिलं होतं.

संध्याकाळी तोडलेल्या ढिगातल्या चार फांद्या घेऊन ते तिच्या दाराशी गेले. ती मशीनवर चादरीला चादर जोडत होती.

"ताई, या पाण्यात ठेवल्या की मुळं फुटतात. झाड वाढेपर्यंत माझी खिडकी बंद राहील."

"समोर तुमच्या एकट्याचीच खिडकी आहे का?"

तिने कोपऱ्याकडे बोट केलं. तिथल्या बादलीत आधीच सात-आठ फांद्या उभ्या होत्या.

"पण वसाहतीत आता कण्हेर लावायला बंदी आहे. तुमच्याच शब्दावर."

"मी पोरांसाठी बोललो नव्हतो, ताई. मला उजेड हवा होता."

मशीन थांबलं.

"हे बैठकीत सांगाल? सगळ्यांसमोर?"

कंपाउंडर हातातल्या फांद्या बादलीत नीट लावू लागले. तिने थोडा वेळ वाट पाहिली आणि पुन्हा मशीन चालवायला सुरुवात केली.