अर्ध्या तव्यावरच्या पोळ्या

मित्रांनो, मी एक जुना तवा आहे, बिडाचा. बीड म्हणजे ओतीव लोखंड. वितळलेला रस वाळूच्या साच्यात ओतून मला घडवले, कडा घासल्या आणि बाजारात पाठवले. तिथून एका गवंड्याच्या बायकोने मला दोन्ही हातांनी उचलून घरी आणले. जड आहे म्हणून दुकानदार मला कोपऱ्यात ठेवत असे; तिने मला जड आहे म्हणूनच निवडले.

तिने मला तेल लावून तापवले, गार केले, पुन्हा तेल लावून तापवले. असे करता करता मी काळा कुळकुळीत झालो. तिच्या पोळ्यांचे कोणी कौतुक केले की ती म्हणायची, कौतुक तव्याचं करा, मी नुसती उलटते. मित्रांनो, तेव्हा माझी छाती किती फुगत असेल, कल्पना करा.

मग ती गेली. घरात सून आली आणि सुनेबरोबर एक हलका, गुळगुळीत, चकचकीत तवा आला. सून बस चालवायची, पहाटे कामावर निघायची. माझे ओझे पेलायला तिला सवड नव्हती, त्यात तिचा काय दोष? मला पाण्याच्या पिंपावर झाकण म्हणून ठेवले. वरून धूळ, खालून ओल. माझ्या अंगावर तांबूस गंज चढला. पोळीचा वास स्वयंपाकघरातून यायचा आणि मी पिंपावर पडून राहायचो.

सुनेला मुलगी झाली. अंगाने इतकीशी होती, म्हणून आजोबांनी तिचे नाव पाडले मुंगी. मुंगी वर्षाची होऊन गेली, समोरचे चार दात आले आणि एके दिवशी मांसाची गुठळी तिच्या घशात अडकली. आईने पालथी धरून पाठीत थोपटल्यावर ती बाहेर पडली, पण त्या दिवसापासून मुंगीच्या तोंडाला कुलूप लागले. दुधाखेरीज काही घेईना. हातापायांच्या काड्या झाल्या. डॉक्टरबाईंनी काट्यावर ठेवून पाहिले आणि सांगितले, की पुढच्या खेपेला वजन वाढलेले नसले तर हिला दवाखान्यात ठेवून नाकातून नळी घालावी लागेल.

मुंगीचा बाप लांब, रस्त्याच्या कामावर. आई दिवसभर बसवर. उरले म्हातारे गवंडीआजोबा. त्यांनी जन्मात पोळी लाटली नव्हती. पण त्या दिवशी दवाखान्यातून आल्यावर त्यांनी बाह्या सरसावल्या. म्हणाले, "नळी बिळी काही नाही. मांस, भाजी आणि पीठ, तिन्ही एका पोळीत घालतो. पोरगी खाल्ल्याशिवाय मी चुलीपुढून उठत नाही."

चकचकीत तव्यावर पोळी बाहेरून करपली आणि आत खिमा कच्चाच राहिला. मग आजोबांची नजर पिंपाकडे गेली. त्यांनी मला खाली ओढले, विटेच्या तुकड्याने गंज खरवडला आणि तेलाचा हात दिला. मित्रांनो, इतक्या वर्षांनी आच लागली, तेव्हा मी मनाशी ठरवले की या म्हाताऱ्याला हरू द्यायचे नाही.

आजोबांचे काम गवंड्याचेच. खिमा ते दोनदा वाटायचे आणि बोटांनी चाचपून गुठळ्या शोधायचे, जशी वाळूतली खडी काढावी. तो शिजवून घ्यायचे. गाजर, भोपळा किसून पिळायचे आणि त्या पाण्यातच खिमा आणि कीस घालून पीठ मळायचे. मिठाची नुसती चिमूट. तिखट अजिबात नाही. कणकेला ते 'माल' म्हणायचे. माल सैल झाला, माल घट्ट झाला. सून दारातून बघून म्हणाली, "बाबा, पोरीला खायचंय, भिंत नाही लिंपायची."

पोळ्याही भिंतीसारख्याच, जाड आणि ताटाएवढ्या. आजोबा त्यांचे तुकडे करायचे आणि तुकडा घेऊन मुंगीच्या मागे घरभर फिरायचे. हा घास बघ, तो घास बघ. मुंगी मान फिरवायची, ओठ आवळायची. सगळ्या पोळ्या आजोबांच्याच पोटात जायच्या. सून म्हणाली, वजन तुमचंच वाढतंय.

दवाखान्याचा दिवस जवळ आला आणि आजोबांच्या हातून घात झाला. पोळी मला चिकटली होती. तापलेल्या भिंतीला आधी पाणी मारायचे, मग गिलावा धरतो, ही जन्माची सवय. त्यांनी तशाच तापलेल्या माझ्यावर गार पाण्याचा तांब्या उपडा केला. टणकन आवाज झाला. काठापासून मध्यापर्यंत मला भेग पडली. फार दुखले, पण त्याहून वाईट आजोबांचा चेहरा पाहून वाटले.

सून म्हणाली, "टाका आता भंगारात. तुम्ही दमलात, बाबा. डॉक्टरबाई सांगतात तसं करू." तिचे डोळे भरून आले होते.

आजोबांनी मला उजेडाकडे धरले, भेगेवरून बोट फिरवले आणि म्हणाले, "निम्मा शाबूत आहे. निम्म्यावर करू."

निम्म्यावर ताटाएवढी पोळी कशी मावणार? म्हणून त्यांनी लिंबाएवढे गोळे केले, तळहाताएवढ्या पातळ पोळ्या थापल्या आणि मंद आचेवर भेगेपासून दूर भाजल्या. निम्म्यावर भाजायचे म्हणजे नजर हलवायची सोय नाही. मुंगीच्या मागे धावायला त्यांना वेळच उरला नाही. पहिली पोळी त्यांनी ताटलीत घालून जमिनीवर निवायला ठेवली आणि माझ्याकडे वळले.

दुसरी पोळी ठेवायला वळले, तर ताटली रिकामी.

आजोबांनी पाटाखाली पाहिले, पिंपामागे पाहिले. मग त्यांनी मुंगीकडे पाहिले. तिच्या मुठीत पोळीचा उरलेला तुकडा होता. ती तो उलटून पालटून बघत होती, समोरच्या दातांनी कुरतडत होती आणि तिचे गाल हलत होते. कोणी भरवत नव्हते, कोणी तोंडाकडे बघत नव्हते. हातात मावणारी, अख्खी, तिची स्वतःची पोळी होती ती.

आजोबांनी दुसरी पोळी ताटलीत ठेवली आणि पुन्हा पाठ फिरवली. मग तिसरा गोळा थापायला घेतला.

दवाखान्यात काटा फार नाही, थोडाच वर सरकला. डॉक्टरबाई म्हणाल्या, नळी नको, हेच चालू ठेवा. घरी आल्यावर सुनेने चकचकीत तवा बाजूला सारून मला स्वतःच्या हाताने चुलीवर चढवले.

मित्रांनो, तापलेल्या तव्यावर गार पाणी ओतू नका. त्याला निवू द्या, पुसा, तेलाचा हात द्या. तो तुमच्या नातवंडांनाही पुरेल. आणि तुमच्या घरी एखादे लहानगे जेवत नसेल, तर त्याच्या मुठीत मावेल एवढे मऊ, चांगले शिजलेले त्याच्यापुढे ठेवा. जवळच बसा. पण त्याच्या तोंडाकडे टक लावून बघू नका.