डाव्या हाताने लिहिलेला फॉर्म

अक्षर चांगलं असणं हा काही गुन्हा नाही. पण बायकांच्या वॉर्डातल्या सिस्टरला त्या दिवशी तसंच वाटत होतं. हॉस्पिटलातली एकूण एक पाटी तिच्या हातची. आणि आता तिच्यापुढे पेशंटांच्या सुरक्षेबद्दलचा फॉर्म येऊन पडला होता. ‘नाव लिहू नये, मनमोकळं लिहावं.’ नावाची गरजच काय? तिचं अक्षर दारावरचा वॉचमनसुद्धा ओळखायचा!

‘चूक झाली तर सांगायची भीती वाटते का?’ या प्रश्नापुढे दरवर्षी सगळ्याजणी ‘नाही’ लिहीत. लिहिताना मेट्रन मॅडम आसपास नाहीत ना, तेवढं बघून घेत.

या वेळी मात्र सिस्टरला चैन पडेना. मंगळवारी नऊ नंबरच्या आजींसाठी तिने भलतंच इंजेक्शन भरून नेलं होतं. आजींचा दंड पुसून झाला, सुई टोचणार, तोच तिने ट्रेमधल्या बाटलीवरचं नाव पुन्हा वाचलं आणि ट्रे उचलून ती तशीच मागे फिरली. दोन्ही औषधांच्या बाटल्या निळ्या झाकणाच्या, कपाटात अगदी शेजारीशेजारी. आजी थोडक्यात वाचल्या, पण पुढच्या वेळी? सांगावं, तर त्याच आठवड्यात वॉर्डची नवी इन्चार्ज ठरायची होती. बारा वर्षं तिने त्या जागेची वाट पाहिली होती. हे कळलं की नावावर फुली पडलीच म्हणायची.

शेवटी चादरींच्या खोलीत बसून तिने डाव्या हाताने सगळं लिहून काढलं. अक्षर बघून तिची तिलाच कीव आली.

दोन दिवसांनी मॅडमचं बोलावणं आलं. खोलीत बाकीच्या सिस्टर उभ्या होत्या आणि मोठे डॉक्टर चष्मा वरखाली करत एक कागद न्याहाळत होते.

“ये गं,” मॅडम म्हणाल्या. “यातलं आम्हाला ओ की ठो कळत नाही. डॉक्टरांनीही हात टेकले.”

“डॉक्टरांनी? अक्षरापुढे?” तिच्या तोंडून निघून गेलं. मागे कुणीतरी खुदकन हसलं.

“तूच लावून बघ. आणि चांगल्या अक्षरात उतरवून दे.”

‘मलाही लागत नाही’ म्हटलं असतं, तर सुटली असती. पण मग बाटल्या तिथेच राहिल्या असत्या. तिने वाचायला घेतलं. पहिली ओळ मुद्दाम अडखळत वाचली, दुसरीपासून अडखळायचं विसरली. शेवटी तर कागदावर नव्हतं तेही बोलली. “हे माझ्याच हातून होणार होतं. भीती वाटली, म्हणून डाव्या हाताने लिहिलं.”

मॅडम उठल्या. “चल.”

सगळी वरात वॉर्डातल्या औषधांच्या कपाटापाशी गेली. मॅडमनी स्वतः एका औषधाचा खोका उचलून पार दुसऱ्या टोकाला ठेवला. मग वळून म्हणाल्या, “तेवीस जणींनी भीती वाटत नाही म्हणून लिहिलंय. मी काय वाघ आहे का गं?”

सिस्टर एकमेकींना कोपराने ढोसायला लागल्या. शेवटी फरशी पुसणाऱ्या मावशीच म्हणाल्या, “आहात की, मॅडम!”

मग मॅडमच अशा हसत सुटल्या की त्यांना कपाटाचा आधार घ्यावा लागला. त्यांचं बघून डॉक्टर हसले, सिस्टर हसल्या, नऊ नंबरच्या आजी काही न कळताच हसल्या. सिस्टरला हसताहसता रडू आलं.

“नवे कोरे फॉर्म आणा,” डोळे पुसत मॅडम म्हणाल्या. “या वेळी खरं लिहायचं. आपल्या नव्या इन्चार्जबाई ते वाटतील.”

इन्चार्ज कोण, म्हणून सिस्टर इकडेतिकडे बघायला लागली. बाकी सगळ्या तिच्याकडेच बघत होत्या.