सातव्या वळणावरची नाली

मी नाली बोलतेय. गावातली सांडपाण्याची नव्हे हो, नाकाला रुमाल लावू नका. मुकुटबनच्या पुढे झरी जामणीच्या जंगलात सागाची लाकडं उतरवायचा एक कच्चा रस्ता आहे, डोंगर कापून केलेला. त्याच्या सातव्या वळणावर, रस्त्याला आडवी, मी आहे. दीड हात रुंद, हातभर खोल.

माझं काम एकच. पावसाचं पाणी उतारावर चाकोरीतून धावायला लागलं की त्याला वाटेतच धरायचं आणि दरीच्या अंगाला काढून द्यायचं. नाही काढलं तर ते रस्ताच घेऊन जातं.

मला शीलानं खोदलं. रस्ता राखणाऱ्या मजुरांच्या टोळीतल्या बाया तोवर फक्त मातीचं टोपलं उचलायच्या. फावडं, सब्बल पुरुषांची. मुकादम नेमसिंगनं पहिल्यांदा एका बाईच्या हाती नाली दिली, तेव्हा बाकीचे गालातल्या गालात हसले. शीलानं लक्ष दिलं नाही. तिनं मला सरळ न काढता तिरपं काढलं, म्हणजे पाणी साचत नाही आणि ट्रकची दोन्ही चाकं एकदम आदळत नाहीत. तळाला आणि पाणी दरीकडे पडतं तिथं दगड बसवले. तीन दिवस लागले. उगाच फुशारकी मारत नाही, पण त्या रस्त्यावर माझ्यासारखी दुसरी नव्हती. दर दोन दिवसांनी ती येऊन माझ्यातला पाला काढायची.

आता देवीलालचं सांगते. तो ट्रक ड्रायव्हर. माणूस वाईट नाही, पण भारी घाईचा. मी कितीही तिरपी असले तरी भरल्या गाडीला हिसका बसतोच. एकदा त्याच्या गाडीच्या स्प्रिंगचा पाटा तुटला, आणि त्यानं माझा जो उद्धार केला तो इथं सांगण्यासारखा नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी, पाटा बदलून झाल्यावर, टोळी वरच्या कामावर असताना त्यानं गाडीतल्या दोन आखूड बल्ल्या, म्हणजे सागाचे बारके ओंडके, माझ्यात टाकले, वर माती लोटली आणि चाकानं दाबून टाकली.

त्याच दुपारी अवकाळी पाऊस आला. पाणी माझ्या डोक्यावरून सरळ चाकोरीत शिरलं आणि खालच्या वळणाची कड घेऊन दरीत गेलं. वर दोन ट्रक अडकले.

नेमसिंग येऊन पाहतो तर माझ्या जागी सपाट चिखल. त्याला वाटलं, नाली वरवर खोदलेली होती, पहिल्याच पाण्यात भरली. शीला सांगत होती, कालच साफ केली म्हणून. कोणी ऐकलं नाही. देवीलाल तिथंच उभा होता, आपल्या चपलेकडे पाहत. नेमसिंग साऱ्या टोळीसमोर बोलला, "बाईच्या हाती काम देलं, माह्यीच चूक झाली. उद्यापासून टोपलंच उचल." मला इतका संताप आला म्हणून सांगू! पण नालीला कोण विचारतं?

शीलानं आठ दिवस खाली मान घालून टोपलं वाहिलं. फावडं हाती आलं ते तिनं तिच्या गावात साऱ्यांना सांगितलं होतं, आता गेलं तेही साऱ्यांना कळलं.

कड पुन्हा बांधून झाली तेव्हा नेमसिंग स्वतः मला नव्यानं खोदायला आला. वीतभर खाली फावडं लाकडावर आपटलं. ओढून काढली तर सागाची बल्ली, तिच्या तोंडावर वनखात्याच्या हातोड्याची ताजी निशाणी. ही निशाणी गाडी भरायच्या आधी ठोकतात. म्हणजे लाकूड ट्रकमधूनच आलं होतं. त्याखाली शीलाचे दगड जसेच्या तसे. पाटा कोणाच्या गाडीचा तुटला होता ते साऱ्यांना ठाऊक होतं. नेमसिंगनं देवीलालला विचारलं, आणि त्यानं कबूल केलं.

मग नेमसिंगनं शीलाला बाजूला बोलावलं आणि हळूच म्हणाला, आजपासून फावडं घे. शीला जागची हलली नाही.

"मुकादम, मले बोलले तवा सारे होते. आता काहून एकटीले सांगता?"

मग त्यानं टोळी बोलावली, देवीलाललाही. मुकादमाची मान खाली होती, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "शीलाबाईची नाली बराबर होती. मीच पाह्यल्याबिगर बोललो."

शीलानं आपलं टोपलं त्याच्या हाती दिलं आणि फावडं घेतलं. ती खोदत गेली, मुकादम माती वाहत गेला. कोणी हसलं नाही.

सध्या मी मोकळी आहे, पाणी नीट वाहतं. ड्रायव्हरदादांनो, हिसका बसला तर मला खुशाल शिव्या द्या. पण बुजवू नका. मला बुजवलं की बोल तुम्हाला लागत नाही, तिला लागतो.