तिठ्यावरची तांबडी डहाळी

फाल्गुनातली सकाळ. सातपुड्याचे डोंगर एकमेकांच्या पाठीशी बसलेले. पहिला निळा, त्यामागचा फिकट निळा, त्याहीमागचा नुसता धूसर. पाटीवर काढावा आणि तळहातानं पुसून टाकावा तसा.

राष्ट्रीय उद्यानाच्या त्या अरण्यात पानगळ सरत आली होती. साग उघडा, सालई उघडी, धावडा उघडा. पर्णहीन फांद्यांच्या जाळीतून उतरलेलं ऊन रस्त्यावर जाळी होऊनच पडलं होतं. वारा चालला की सारं रान कुजबुजे. वारा थांबला की सारं रान कान देई. कुठूनसा मोहाच्या फुलांचा वास येई. गोड, जड, पेंगुळलेला.

त्या उन्हाच्या जाळीतून दोन सायकली घाट चढत होत्या.

पुढे प्रमिलाबाई गावंडे. अचलपूरच्या शाळेत आयुष्यभर पहिली-दुसरीच्या पोरांचे हात धरून अक्षरं गिरवून घेतलेल्या. मागे त्यांची सून रेणुका. आणि प्रमिलाबाईंच्याही पुढे, एका सायकलीएवढी रिकामी जागा. ती जागा दोघीही राखून होत्या. कुणी न सांगता. कुणी न ठरवता.

ती जागा प्रफुल्लची होती.

दर माघात प्रमिलाबाई शाळेच्या वरच्या वर्गांतल्या पोरांना सायकलींवरून या डोंगरांत आणत. पोरांची रांग लांब. पुढची पोरं वळणाआड जात, मागची धापा टाकत राहत. म्हणून बाईंनी एक रीत घालून दिली होती. दोन वाटा फुटल्या की जी वाट आपली नाही, तिच्यावर पुढच्यानं एक हिरवी डहाळी आडवी ठेवायची. मागच्यानं ती ओलांडायची नाही. एवढंच. ना पाटी, ना खडू. आणि बाईंच्या साऱ्या वर्षांत एकही पोर रानात चुकलं नाही.

पुढे नेहमी प्रफुल्ल असे. बाईंचा एकुलता एक. वाऱ्याच्या पायांचा, डहाळ्या ठेवणारा प्रफुल्ल.

लग्नानंतर त्यानं रेणुकालाही ती रीत शिकवली. दोघं रानोरान हिंडली. तो पुढे, ती मागे. तो दिसेनासा झाला तरी डहाळी दिसे, आणि डहाळी दिसली की ती निर्धास्त होई.

मग रक्ताचा आजार आला, आणि प्रफुल्ल एका अशा वळणाआड गेला, जिथून सायकलीची घंटाही ऐकू येत नाही.

त्या दिवसांत रेणुका एकदाच बोलली होती. भिंतीकडे बघत, अगदी हळू. "आई, ह्यांनी या वेळी डहाळी ठेवली नाही."

त्याला आता तिसरा फाल्गुन लागला होता.

ओढ्याच्या पुलाशी दोघी थांबल्या. ओढ्यात पाणी कमी आणि आकाश जास्त होतं. रेणुकानं डब्यातली भाकरी मोडली, ठेच्याची पुडी सोडली, आणि सासूच्या सायकलीकडे बघून हसली.

"आई, तुमची सायकल किती कुरकुरते वं! म्हातारी झाली आता."

"म्हातारी नाही झाली. निवृत्त झाली. निवृत्त माणसाला कुरकुरायची मुभा असते."

"मग मी निवृत्त झाल्यावर बघा. साऱ्या गावाला ऐकू जाईल."

रेणुका हसली तसं पाण्यातलं आकाशही हललं. केवढी तरुण दिसत होती ती! कपाळावर घाम, घामात ऊन, आणि उन्हात एक न संपलेलं वय. प्रमिलाबाईंनी भाकरीचा घास तोंडात धरून ठेवला.

आज सांगायचं, असं ठरवून त्या निघाल्या होत्या. पहिल्या चढावर सांगायचं होतं. सांगता आलं नाही. मग उतारावर सांगायचं होतं, तेही राहिलं. ओठांपर्यंत शब्द यायचा, आणि वर्गाच्या दारातून माघारी पळणाऱ्या नव्या पोरासारखा माघारी पळायचा.

महिन्यापूर्वीची, माघातली ती दुपार. गच्चीवर वाळलेल्या कुरडया सुपात भरून त्या जिना उतरत होत्या. खाली स्वयंपाकघरात रेणुका फोनवर बोलत होती. पलीकडे गजेंद्र होता. प्रफुल्लचा मित्र, उद्यानाच्या वेशीबाहेर रोपवाटिका चालवणारा, झाडांसारखाच कमी बोलणारा.

"मन नाही असं कुठं म्हटलं मी?" रेणुका म्हणत होती. "पण आईंना एकटं टाकून कशी येऊ, गजेंद्र?"

जिन्यातल्या जिन्यात प्रमिलाबाईंच्या मुठीत एक कुरडई चुरली. पांढरा चुरा पायऱ्यांवर सांडत गेला, सांडत गेला.

आणि खरं सांगायचं तर, त्यांना आनंद झाला होता. क्षणभरच. ही जाणार नाही! संध्याकाळी चहाचे दोन कप मांडायचे, दोनच राहतील. त्या आनंदाचीच त्यांना तेव्हापासून भीती वाटत होती.

पुलापुढच्या चढावर रेणुकाचं मागचं चाक बसलं. बाभळीचा काटा होता. तिनं पिशवीतून पंक्चरचं सामान काढलं, बाह्या सरसावल्या.

"तुम्ही व्हा पुढं, आई. तिठ्यावर थांबा. मी आलेच."

"येशील ना नीट?"

"बाप्पा! मी काय पहिलीतली पोर आहे?"

प्रमिलाबाई पुढे झाल्या. आता त्यांच्या पुढे कुणी नव्हतं, मागे कुणी नव्हतं. चढ होता, श्वास होता, आणि वाळक्या पानांवरून जाणाऱ्या चाकांचा चुरचुर चुरचुर आवाज.

घाटमाथ्याच्या जरा अलीकडे तिठा होता. एक रस्ता डावीकडे वर चढत वनखात्याच्या नाक्याकडे जाई. तिथं परतवाड्याची एसटी थांबे, टपावर सायकल चढवता येई. तोच घरचा रस्ता. दुसरा रस्ता उजवीकडे दरीत उतरे, वळत वळत, वेशीबाहेरच्या गावापर्यंत. आणि दरीच्या तळाशी, साऱ्या करड्या, पिवळ्या, निष्पर्ण विस्तारात, एकच हिरवा तुकडा होता. गजेंद्रची रोपवाटिका.

किती लहान दिसत होती! पोरानं चित्राच्या कोपऱ्यात विसरून ठेवलेला एक हिरवा ठिपका.

प्रमिलाबाई बघत राहिल्या. बराच वेळ बघत राहिल्या. वाऱ्यानं सागाची पानं रस्त्यावरून सरपटत नेली, आणि त्यांच्या मनातून एक वाक्य स्वच्छ उठलं. पुढच्यानं डहाळी ठेवायची असते. प्रफुल्लला ठेवता आली नाही. मग आता पुढे कोण आहे?

त्यांनी सायकल उभी केली आणि हिरवी डहाळी शोधायला लागल्या. पण फाल्गुनात रानात हिरवं कुठलं? साग उघडा, सालई उघडी, धावडा उघडा. हात लावावा ती फांदी कडकन मोडे. मग रस्त्याच्या वळणावर त्यांना कुसुमाचं झाड दिसलं. सारं रान करडं असताना एकटंच नव्या पालवीनं लालबुंद पेटलेलं. कोवळी, ओलसर, कुंकवासारखी पानं.

त्यांनी एक डहाळी हळूच मोडली. झाडाची क्षमा मागितली, पोरांना शिकवलं होतं तशीच.

डावीकडच्या रस्त्यावर सायकल ढकलत थोडं वर गेल्या, मागे वळल्या, वाकल्या, आणि ती तांबडी डहाळी त्यांनी रस्त्यावर आडवी ठेवली. स्वतःच्या घराच्या रस्त्यावर. स्वतः पलीकडे उभं राहून.

रेणुका आली. धापा टाकत, हसत आली. आणि डहाळी पाहून तिचे पाय पेडलवरून उतरले.

"आई, ही..." तिनं डहाळीकडे पाहिलं, सासूकडे पाहिलं. "तुम्ही तर तिकडे उभ्या आहात. वाट बंद, मग तुम्ही कशा?"

"माझी नाही बंद. तुझी बंद आहे."

रेणुकाची नजर उजवीकडे वळली. उताराकडे, दरीकडे, त्या हिरव्या ठिपक्याकडे.

"तुम्ही ऐकलं होतं?"

"जिन्यात होते."

वारा थांबला. साऱ्या रानानं कान दिला.

"मी नाही जाणार." रेणुकानं हँडल घट्ट धरलं. "तुम्ही एकट्या कशा..."

"एकटी कुठं? पुढं नाका आहे, एसटी आहे. आणि उतारच तर आहे घरापर्यंत."

"खोटं! पुढं सरळ चढ आहे, आई. बाई असून खोटं बोलता?"

"निवृत्त झाले ना मी," प्रमिलाबाई म्हणाल्या.

आणि दोघी हसल्या. हसता हसता रेणुकाचं हसू फुटलं, ओघळलं, गालांवरून वाहत गेलं. ती पुढे आली. डहाळीच्या अगदी कडेपर्यंत आली. पाय उचलला.

"रेणुका," बाई म्हणाल्या. वर्गात म्हणत तशाच, न ओरडता. "पुढच्यानं ठेवलेली ओलांडायची नसते. त्यानं तुला शिकवलं होतं ना?"

उचललेला पाय तसाच राहिला. मग अलीकडेच टेकला. तिनं खाली वाकून त्या लाल पानांना हात लावला आणि तोच हात कपाळाला लावला. मग सायकल वळवली. फार सावकाश वळवली.

उतारावर फ्रीव्हीलची टकटक लागली. दाट झाली, विरळ झाली. पहिल्या वळणाआडून घंटा वाजली. दुसऱ्या वळणाआडून पुन्हा वाजली, बारीक. तिसऱ्या वळणाआडून कदाचित वाजली असेल. पण मधे पानं सळसळली.

प्रमिलाबाईंनी सायकल हातात धरली आणि चढायला सुरुवात केली. चढ उभा होता. सायकल कुरकुरत होती. घरी आता एकच कप मांडायचा होता.

मागे, तिठ्यावर, तांबडी डहाळी पडून होती. उन्हानं तिची पानं हळूहळू मिटत होती. आणि करड्या रानात, करड्या रस्त्यावर, तेवढा एक लाल रंग एका वाटेला नको म्हणत होता, एका वाटेला जा म्हणत होता. जा म्हणत होता, जा म्हणत होता.