पूल आला की उतरायचं

दुधाचे बावीस कॅन पुलापलीकडे न्यायचे म्हणजे मावशीच्या अकरा खेपा व्हायच्या. दोन्ही हातांत एकेक कॅन, पदर खोचलेला आणि ओठांवर देवाचं नाव. डेअरीचा ट्रक पलीकडेच थांबायचा. या पुलावर चाक घालायची त्याची छाती नव्हती. अकरावी खेप होईपर्यंत ऊन डोक्यावर यायचं आणि शेवटचे कॅन तापून निघायचे. गेल्या महिन्यात चारदा दूध नासलं. डेअरीने निरोप धाडला होता, आणखी एकदा नासलं की ट्रक बंद. ट्रक बंद झाला तर दूध ओतायचं कुठे, या काळजीने मावशीच्या जपातसुद्धा हल्ली कॅन मोजले जायचे.

अशात शाळेच्या मास्तरांनी पेपर वाचून दाखवला. संसदेत नवा कायदा झाला होता. खेड्यापाड्यांतल्या पुलांना केंद्राचा पैसा मिळणार होता, आणि गुरुवारी पूल तपासायला इंजिनिअर येणार होता. मास्तर पुढचा मजकूर वाचत होते, पण मावशी तोवर उठलीसुद्धा. सरकारचा माणूस दारात येणार, आणि पूल असा केस पिंजारून उभा?

तिने सगळं गाव कामाला जुंपलं. दोन दिवसांत भेगा सिमेंटने बुजल्या, उघड्या पडलेल्या सळ्यांवर गिलावा चढला, कठड्याला चुना लागला. गावची बस चालवणारा तिचा दीर खाली मान घालून कठडा रंगवत म्हणाला, "वहिनी, नवरी तर नटवलीत. आता नवरदेव पळाला नाही म्हणजे मिळवली."

गुरुवारी ऑफिसच्या जीपने इंजिनिअरला पुलापलीकडे सोडलं आणि ती दुसऱ्या गावाला निघून गेली. तो चालत पुलावर आला. पाणी भरून वाहत होतं, त्यामुळे खाली उतरायची सोय नव्हती. त्याने चार ठिकाणी हातोडी वाजवून बघितली, कठड्यावरून हात फिरवला, आणि मावशीच्या ओसरीवर चहा पिताना मनापासून म्हणाला की इतका जपलेला पूल त्याने कुठे पाहिला नाही. कागदावर त्याने लिहिलं, 'स्थिती चांगली'. मावशीने त्याला आणखी एक कप आग्रहाने पाजला.

तो हात धुवायला गेला तेव्हा मास्तर तिच्या कानाशी आले. त्यांचा चेहरा उतरला होता. "मावशी, परवा तुम्ही अर्ध्यातून उठलात. कायद्यात असं आहे की जो पूल पडायला आलाय, पैसा त्यालाच."

"मग हे आत्ता सांगताय?"

"मी वाचत होतो. तुम्ही चुना आणायला गेलात."

मावशीला कळून चुकलं. आपल्या हाताने आपण पूल बुडवला. खरं सांगावं, तर इंजिनिअरला फसवलं हे कबूल करावं लागणार. गप्प बसावं, तर डेअरी हातची जाणार. सकाळीच तिने देवापुढे उभं राहून आज खोटं बोलणार नाही म्हटलं होतं. ते ती रोजच म्हणायची. आज तेच गळ्याशी आलं.

इंजिनिअर परतीला दुपारच्या बसमध्ये बसला. मावशीही चढली आणि त्याच्या मागच्या बाकावर बसली. पुलापर्यंत काय ते बोलायचं, असं ठरवून तिने तीनदा तोंड उघडलं आणि तीनदा मिटलं.

पूल आला. बस थांबली. कोणी काही न बोलता सगळी माणसं उठली, पिशव्या काखोटीला मारल्या आणि खाली उतरून पुलावरून चालू लागली. एका म्हातारीने तर कोंबडीही उतरवून घेतली. बसमध्ये इंजिनिअर तेवढा राहिला.

"साहेब, उतरा," ड्रायव्हर म्हणाला.

"का? बस बिघडली?"

"बस ठणठणीत आहे. भरलेली गाडी पुलावर घालत नाही आम्ही. रिकामी नेतो, पलीकडे परत चढायचं."

"कधीपासून?"

ड्रायव्हरने जरा आठवून पाहिलं. "माझं लग्न व्हायच्या आधीपासून असेल. पूल आला की उतरायचं, एवढंच."

इंजिनिअर खाली उतरला आणि नुसता बघत राहिला. रिकामी बस पुलावर चढली तसा कठडा थरथरला. मावशी त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. "साहेब, चूक माझी आहे. पाहुणा येणार म्हणून झाकलं सगळं." कमरेला लटकवलेलं दुधाचं माप तिने काढलं आणि त्याच्या दांड्याने कठड्याखालचा गिलावा खरवडला. ओल्या पापडासारखा तो सुटला. आत सळ्या गंजून काडीएवढ्या बारीक झाल्या होत्या.

इंजिनिअरने खिशातून कागद काढला, जुनी ओळ खोडली. लिहिता लिहिता त्याला हसू आवरेना. "मावशी, पुढच्या वेळी पाहुण्याला नुसता चहा द्या."

दोन वर्षं लागली, पण पूल झाला. तोवर मावशी पहाटेच्या गारव्यात खेपा घालत राहिली आणि दूध एकदाही नासू दिलं नाही. उद्घाटनाच्या सकाळी खचाखच भरलेली बस पुलाशी आली, आपोआप थांबली, आणि सगळी माणसं मुकाट्याने खाली उतरली. ड्रायव्हरही ब्रेकवर पाय ठेवून बसला होता.

त्यांच्या शेजारून डेअरीचा ट्रक गावाकडून येऊन पुलावर चढला. पुढच्या सीटवर मावशी, मागे बावीस कॅन. डोळे मिटून, हात जोडून तिने पूल पार केला. पलीकडे गेल्यावर खिडकीतून मान बाहेर काढून तिने दिराला हाक मारली.

"भाऊजी, चढवा आता त्यांना. ऊन व्हायला लागलं."