कुलूप म्हणणारे ओठ

वीस वर्षं नेविओ काल्दाराचा आवाज मी होतो. रोममध्ये तेव्हा नट कॅमेऱ्यापुढे नुसतं बोलून घ्यायचा. पडद्यावरचा आवाज नंतर आमच्यासारखे लोक बंद खोलीत भरायचे. नेविओ बिएल्ला या गिरण्यांच्या गावातल्या विणकरणीचा पोरगा. खिशात कम्युनिस्ट पक्षाचं कार्ड, संपाच्या सभेत पहिल्या रांगेत. त्याचा चेहरा निर्मात्यांना हवा असे, गिरणगावचा हेल नको असे.

त्या चित्रपटात तो कामगार पुढारी होता. गिरणीला आग लागते, अकरा बाया जळून मरतात, आणि तो कोर्टात सांगतो, "दाराला कुलूप मालकानं लावलं होतं." या एका वाक्यासाठी त्यानं दोन मोठे चित्रपट सोडले होते.

आवाज भरायच्या दिवशी निर्माता स्फोर्नी बडीशेपेची गोळी चघळत आला.

"एर्सिलिओ, ते कुलूप काढ. 'दार अडकलं होतं' म्हण."

"ओठ जुळणार नाहीत, साहेब. आणि नेविओला विचारलंत?"

"ओठ बघतो कोण? तोंड त्याचं, जीभ तुझी. आणि तुझी जीभ माझी."

खोलीतले सगळे फिदीफिदी हसले. मीही हसलो. आणि म्हटलं, "दार अडकलं होतं." पहिल्याच दमात, सुरेख.

वर्तमानपत्रांनी 'संयमी अभिनय' म्हणून आरत्या ओवाळल्या. पक्षाच्या पत्रानंसुद्धा. ओकारी यावी असलं कौतुक.

नेविओनं शिवी दिली नाही. एवढंच म्हणाला, "रविवारी बिएल्लाला चल."

"शिव्या इथेच घाल ना बाबा."

"चल म्हणतो ना."

कामगारांच्या सभागृहात पुढची बाकं म्हाताऱ्या विणकरणींनी भरलेली. पडद्यावर कोर्टाचा प्रसंग आला. माझा मखमली आवाज घुमला, आणि एक बाई ताडकन उठली.

"अगं बायांनो, तोंड बघा त्याचं! कुलूप म्हणतोय तो! कुलूप!"

"तर काय! 'मालकानं' म्हणतोय!" दुसरी ओरडली.

मी नेविओकडे पाहिलं.

"तीस-तीस वर्षं मागांच्या खडखडाटात काढलीत यांनी," तो म्हणाला. "कान अर्धेअधिक गेले, ओठ वाचायला शिकल्या. आईशी मी असाच बोलायचो. तुम्ही लोक वाक्य गिळणार हे ठाऊक होतं, म्हणून कॅमेऱ्यापुढे ओठ मोठे हलवले."

"आवाज बंद करा तो मेला!" बाया ओरडल्या. आवाज बंद झाला. उरलेला चित्रपट त्यांनी डोळ्यांनी वाचला, एकमेकींना मोठ्यानं सांगत.

दिवे लागल्यावर ती उठलेली बाई, ओनोरिना, माझ्यापुढे आली. "तुम्ही कोण, महाशय?"

तोंड उघडलं की ओळखणार होती. उघडलं. "दार अडकलं म्हणणारा मीच."

ती थुंकली नाही. थुंकली असती तर बरं झालं असतं. "मग आता नीट म्हणा."

"दाराला कुलूप मालकानं लावलं होतं."

"मोठ्यानं. माग चालू आहेत असं समजा."

मी बोंबलून म्हटलं. बायांनी माना डोलावल्या. त्या गावात खरं बोलायला मला काय लागत होतं? बाकी सगळ्या देशात त्याच आठवड्यात दार अडकतच होतं, माझ्या आवाजात.